पोकळ अंग, भरीव कणा

पुण्यात जॅझ वाजवणाऱ्याने नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर ती सेमी-हॉलो असावी, आणि तिची पहिली परीक्षा ॲम्पला न जोडता व्हावी. ही दोन्ही मतं मी बऱ्याच काळापासून बाळगून आहे. पूर्वी ती सांगून फारसा उपयोग नव्हता, कारण घ्यायला गिटारच नव्हती. अमेरिकेतला भाऊ किंवा दुबईहून येणारा मित्र, अशा कुणाच्या तरी सामानातून एखादी यायची, तीही फोटो बघून मागवलेली. आता परिस्थिती पालटली आहे. आयबानेझची आर्टकोर मालिका २००२ पासून बाजारात आहे, एपिफोनने २०२० मध्ये आपली ईएस-३३५ नव्या रूपात आणली, आणि लाखाच्या आतली सेमी-हॉलो पुण्या-मुंबईच्या दुकानांत भिंतीवर टांगलेली दिसते. ती उतरवून मांडीवर घेता येते. मग ती पारखायची कशी, याचा नीट विचार व्हायला हवा. दुकानात मिळणारा अर्धा तास बहुतेक जण रंग, नाव आणि मोठा आवाज यांतच घालवतात.

आधी या वाद्याची जातकुळी पाहू. जॅझ आपल्याकडे आला तो मुंबईच्या बंदरातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे त्याच ताजमध्ये मिकी कोरिया यांच्या बँडने अनेक वर्षं गाजवली. मुंबईच्या अशा हॉटेल-बँडांमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणारी ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला जायची. पण अशा संचात गिटारला मान नव्हता. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगेमागे बसून गिटारवाल्याने कॉर्ड धरायचे, ठेका सांभाळायचा. त्याचा एकेक सूर श्रोत्यांपर्यंत पोचणं अशक्यच होतं. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० ही पिकअप बसवलेली गिटार काढली, आणि १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या संचात आला. तिथून गिटार पुढच्या रांगेत आली.

आपल्याकडे ही पुढची रांग कुठे ऐकायची? शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ ही १९६८ ची तबकडी काढावी. सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत, आणि इलेक्ट्रिक गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो. एक नाईक आणि एक कॅस्ट्रो, शेजारी बसून, रागांवर जॅझच्या अंगाने वाजवताहेत, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. त्याच सुमारास मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला अमान्सिओ डिसिल्वा लंडनला जाऊन पोचला होता. १९६९ मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’ अशा दोन तबकड्या आल्या. १९७२ च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलेल्या आणखी एका संग्रहाचं नाव तर ‘कोकण डान्स’ आहे. तो प्रसिद्ध व्हायला २००६ उजाडलं, तोवर डिसिल्वाला जाऊन दहा वर्षं झाली होती. तिकडे कोलकात्यात कार्लटन किट्टो २०१६ मध्ये जाईपर्यंत निष्ठेने बीबॉप वाजवत आणि शिकवत राहिले. म्हणजे भारतीय जॅझ गिटारची परंपरा बारीक आहे, पण खरी आहे. आज पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूला ज्या छोट्या जागांमध्ये जॅझ ऐकू येतो, किंवा एबीसी फार्म्समधल्या शिशा कॅफेत वर्षानुवर्षं गुरुवारी जो ऐकू यायचा, तो याच परंपरेचा पुढचा धागा.

त्या छोट्या जागा इथे महत्त्वाच्या आहेत. तिथे ॲम्प वादकाच्या पाठीशी, हातभर अंतरावर असतो. शेजारी ड्रम्स. मंच बहुतेक वेळा टेबलं सरकवून केलेला. अशा जागी पूर्ण पोकळ गिटार घेऊन बसलं की ॲम्पमधून निघालेला आवाज गिटारच्या पातळ पोटाला थरथरवतो, ते थरथरणं तारांत जातं, तारांतून पिकअपमध्ये, पिकअपमधून पुन्हा ॲम्पमध्ये. एखादा खालचा सूर घुमायला लागतो आणि थांबतच नाही. यालाच फीडबॅक म्हणतात. बी. बी. किंगसारखा वादक गिटारच्या छिद्रांत कापड कोंबून याच्याशी झगडायचा. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्या नावाने ‘ल्युसिल’ काढली, तेव्हा तिला ती इंग्रजी एफच्या आकाराची छिद्रंच ठेवली नाहीत.

या दुखण्यावरचा उपाय लेस पॉलला त्याच्या कितीतरी आधी सुचला होता. १९४० च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात बसून त्याने चार इंच बाय चार इंचाचा एक लाकडी ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप चढवले, आणि दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे अर्धे पंख जोडले. ओंडका थरथरत नाही, त्यामुळे फीडबॅक नाही. १९५८ मध्ये टेड मॅकार्टी यांच्या हाताखाली गिब्सनने हीच कल्पना कारखान्यात घडवण्याजोगी केली. गिटार सोळा इंच रुंद, पण जाडी जेमतेम पावणेदोन इंच. मधोमध मानेपासून शेपटापर्यंत मेपलचा भरीव ठोकळा, दोन्ही अंगं पोकळ. ती ईएस-३३५. आज ज्याला आपण सेमी-हॉलो म्हणतो ते सगळं या एका गिटारच्या पोटातून निघालेलं आहे.

जॅझवाल्यांनी ती लगेच स्वीकारली असं नाही. वेस माँटगोमेरी एल-५ वरच राहिला, जिम हॉल आणि तरुण पॅट मेथेनी ईएस-१७५ वर, आणि या दोन्ही पूर्ण पोकळ. जॅझ म्हणजे जाड, पोकळ, मऊ आवाजाची गिटार, असा समज त्यामुळे पक्का झाला. तो समज अजून टिकून आहे, आणि पुण्यातल्या वादकाला तो महागात पडतो. जॉन स्कोफिल्ड १९८१ पासून आयबानेझची एएस२०० ही सेमी-हॉलो वाजवतो आहे. त्याच्या वादनात जॅझची खोली कुठे कमी पडते, हे मला कुणी दाखवून द्यावं.

दुकानात गेल्यावर एक गल्लत हमखास होते, ती आधी सांगतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गिटारी आतून सारख्या नसतात. गिब्सनची १९५९ सालची ईएस-३३० दिसायला ३३५ ची जुळी, पण तिच्या पोटात तो ठोकळा नाही. ती पूर्ण पोकळ. ग्रँट ग्रीन आणि एमिली रेम्लर यांनी तीच वाजवली. एपिफोनची कसिनो याच घरातली. आयबानेझच्या आर्टकोरमध्ये एएफ अक्षरांनी सुरू होणाऱ्या गिटारी पूर्ण पोकळ, आणि एएस किंवा एएम म्हणजे सेमी-हॉलो. एफच्या छिद्रातून मोबाइलच्या उजेडात आत डोकावून बघावं. मधला ठोकळा सलग दिसला पाहिजे. काही नव्या गिटारींत वजन कमी करण्यासाठी तो मधेमधे कोरलेला असतो. त्याने गिटार हलकी होते, आवाजाला थोडी हवा मिळते, पण फीडबॅकपासूनचं संरक्षण तेवढ्या प्रमाणात घटतं.

लाकडाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे आपलं रान आहे. जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डला पिढ्यान्‌पिढ्या शिसव वापरलं गेलं, आणि त्यातलं बरंच भारतातलं, पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोपर्यंत स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारी बनवणाऱ्यांनी दुसरी लाकडं शोधली होती. त्यांतलं एक ‘इंडियन लॉरेल’ या नावाने विकलं जातं. एपिफोनच्या नव्या ईएस-३३५ चा फिंगरबोर्ड याच लाकडाचा आहे. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला, सह्याद्रीत आणि विदर्भातल्या जंगलांत सगळीकडे उभा असलेला ऐन, ज्याच्या पाल्यावर भंडारा-गडचिरोलीत टसरचे किडे पोसले जातात. शिसवापेक्षा तो रंगाने फिका आणि पोताने जरा भरड असतो, म्हणून नवीन गिटार हातात घेतल्यावर फिंगरबोर्ड कोरडा, करडा दिसतो. त्यावरून गिटार हलकी समजू नये. लाकडाला लावायच्या तेलाचा हात वर्षातून एक-दोनदा फिरवला की तो गडद होतो आणि बोटाखाली गुळगुळीत लागतो. फिंगरबोर्ड शिसवाचा की ऐनाचा, यावरून जॅझच्या आवाजात पडणारा फरक मला तरी ऐकू येत नाही.

आता परीक्षा. मिरजेत तानपुरा घ्यायला गेलेला जाणता गवई भोपळ्यावरची नक्षी शेवटी बघतो. तो आधी एक तार छेडतो आणि सूर विरेपर्यंत ऐकत राहतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच कानांसाठी जवारी काढणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांमुळे. गिटारची सुरुवातही तशीच करावी. ॲम्पची केबल बाजूला ठेवून, दुकानातल्या त्यातल्या त्यात शांत कोपऱ्यात बसून, प्रत्येक तार मोकळी छेडावी आणि सोडून द्यावी. मग एकेक फ्रेट चढत जावं. सूर सुटला की त्याची आस एकसारखी कमी होत गेली पाहिजे. एखाद्या फ्रेटवर सूर लाकडात पडल्यासारखा चटकन मरत असेल, विशेषतः वरच्या दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे, तर ती गिटार परत टांगावी. हा दोष बहुधा फ्रेटच्या बसणीत असतो किंवा मानेच्या लाकडात. फ्रेटचा असेल तर निघतो, मानेचा असेल तर निघत नाही, आणि दुकानात बसून त्यांतला फरक कळत नाही.

मग कॉर्ड. जॅझवाल्याने इथे वेळ काढावा. बाकी लोक गिटार ऐकतात ती एकेरी सुरांच्या धावण्यावरून. आपलं निम्म्याहून अधिक वादन कॉर्डमध्ये असतं. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, हा रोजचा रस्ता मधल्या चार तारांवर, अगदी हळू धरावा. प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा सूर वेगळा ऐकू येतो का? की सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो? चांगल्या सेमी-हॉलोमध्ये पोकळ अंगांमुळे सुराच्या सुरुवातीला थोडी हवा असते, आणि ठोकळ्यामुळे त्याला कडा राहते. ही कडा ऐकू आली तरच पुढे जावं.

त्यानंतर केबल लावावी. मानेजवळचा पिकअप निवडावा, टोनची खुंटी निम्म्यावर आणावी, ॲम्पवर ना रिव्हर्ब ना डिस्टॉर्शन. लाखाच्या आतल्या बहुतेक नव्या गिटारींबाबत माझी एकच ठाम तक्रार आहे, आणि ती कुठल्या एका कंपनीबद्दल नाही: पिकअप तारांच्या फार जवळ बसवलेले असतात. रॉक वाजवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात आवाज जोरदार वाटावा म्हणून ते ठीक असेल, पण जॅझच्या कॉर्डमध्ये त्याने खालच्या तारा फुगतात आणि गढूळ होतात. यावर पैसे खर्च करण्याआधी पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवून तो दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावा, खालच्या तारेच्या बाजूला किंचित जास्त. आवाज कमी होतो, तो ॲम्पवर वाढवून घ्यावा. एवढ्याने गिटार मोकळा श्वास घेते. नवे पिकअप मागवायला निघालेल्या कित्येकांना मी हे करायला लावलं आहे, आणि त्यांचे पैसे वाचले आहेत.

आवाजाची खुंटी सातावर आणून पुन्हा तेच कॉर्ड वाजवावेत. खुंटी कमी केल्यावर वरचा चकाकीचा भाग थोडा कमी व्हावा, पण कॉर्ड घोंगडीखाली गेल्यासारखा वाटू नये. मैफलीत साथ करताना खुंटी सातावर आणि एकट्याने वाजवताना दहावर, असं जॅझवाला सतत करतो, म्हणून ही चाचणी चुकवू नये.

गुरगुरण्याचंही पाहून घ्यावं. हंबकर पिकअप सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने १९५५ मध्ये घडवला, तो दोन उलट्या गुंडाळ्या जोडून विजेची गुरगुर एकमेकींत मारण्यासाठी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुरगुर खर्जात येते आणि जॅझच्या शांत जागांमध्ये फार टोचते. हंबकर तिच्यातली बरीच शोषून घेतो. पण जागेचं अर्थिंगच बिघडलेलं असेल तर कुठलाही पिकअप ते झाकू शकत नाही, आणि ते धोक्याचंही आहे. तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर तिथे वाजवू नका, आधी अर्थिंग तपासायला सांगा.

आणि शेवटी ॲम्पकडे तोंड करून, ड्रम्सबरोबर वाजवताना लागेल इतका आवाज करून उभं राहावं. दुकानदार कुरकुरतील, त्यांची परवानगी आधी मागावी. तारांवरून हात काढून दहापर्यंत मोजा. काहीही घुमलं नाही तर ठोकळ्याने आपलं काम केलं.

तारांचा प्रश्न पुण्यात वेगळा आहे, आणि त्यावर परदेशी जाणकारांचं मत जसंच्या तसं घेऊ नये. ते सांगतात: जॅझसाठी ११ किंवा १२ च्या जाड तारा, शक्यतो सपाट वेढ्याच्या, आणि तिसरी तार वेढ्याची हवी. कॉर्डसाठी हे अगदी बरोबर आहे. पण आपल्याकडे गिटारला आलेले अनेक जण कानाने रागसंगीतातले असतात. मारव्याचा कोमल ऋषभ किंवा यमनातला तीव्र मध्यम त्यांना मींडेने घ्यायचा असतो, आणि वेढ्याच्या तिसऱ्या तारेवर दोन-तीन सुरांची मींड बोटं सोलून काढते. कारखान्यातून गिटार येते ती बहुधा १० च्या तारांवर. माझा सल्ला ११ ते ४९ च्या संचाचा, तिसरी तार साधी, बिनवेढ्याची. ३३५ च्या घराण्यातल्या गिटारींची स्केल ६२८ मिलिमीटरची, म्हणजे फेंडरच्या ६४८ पेक्षा आखूड असते. त्यामुळे ११ च्या ताराही बोटाला फार कडक लागत नाहीत, आणि मींड शिल्लक राहते. तारा बदलल्या की मानेवरचा ताण बदलतो, नटच्या खाचा अरुंद पडतात, ब्रिजवरचे सॅडल पुढेमागे करावे लागतात. नव्या गिटारबरोबर सेटअपचा खर्च धरलेलाच असावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जाड कागद जेमतेम जाईल एवढी फट दिसली, आणि बाराव्या फ्रेटवर खालची तार सुमारे दोन मिलिमीटर उंच राहिली, की सेटअप जमला.

हवामानाचा मुद्दा मात्र पूर्णपणे सेमी-हॉलोच्या बाजूने आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर असते. अखंड स्प्रूसची कोरीव पाटी असलेली महागडी आर्चटॉप या दोन टोकांत फुगते, आक्रसते, आणि एखाद्या उन्हाळ्यात तडकते. सेमी-हॉलोची अंगं पातळ थरांच्या मेपलची किंवा तत्सम लाकडाची असतात. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते हलत नाहीत. वाद्यपंडित अशा थरांच्या लाकडाला नाकं मुरडतात. माझ्या मते पुण्यातल्या घरात ते वरदान आहे. जपायचा तो फिंगरबोर्ड. उन्हाळ्यात तो आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. मानेच्या कडेवरून तळहात फिरवताना करवत लागल्यासारखं वाटलं, तर तंत्रज्ञाकडून टोकं घासून घ्यावीत. खोक्यात आर्द्रतेची पुडी ठेवावी, काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांवर राहील असं पाहावं.

किमतीबद्दल स्पष्ट बोलतो. अमेरिकन बनावटीची गिब्सन ईएस-३३५ आज आपल्याकडे तीन लाखांच्या पुढे जाते. ती सुंदर गिटार आहे. तिचे फ्रेट, नट, रंगकाम सरस असतं, आणि विकायला काढली तर किंमत टिकून राहते. पण गुरुवारी रात्री चाळीस माणसांसमोर, साध्या ॲम्पमधून, स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्याला त्या जास्तीच्या दोन-अडीच लाखांतून जॅझ म्हणून फारच थोडं मिळतं. तो पैसा बरा ॲम्प, शिकवणी आणि तबकड्या यांत घालावा. विद्यार्थ्यांच्या पालकांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलाच्या हाती महाग नाव देण्याऐवजी नीट सेटअप केलेली साधी गिटार द्या, आणि त्याला तासन्‌तास कॉर्ड ऐकायची सवय लावा.

तेव्हा निकाल असा. लाखाच्या आतली नवी सेमी-हॉलो, थरांच्या लाकडाची, सलग ठोकळ्याची, दोन हंबकरांची. पिकअप खाली घेतलेले, ११ च्या तारा चढवलेल्या, सेटअप स्थानिक तंत्रज्ञाकडून केलेला. पुण्यात जॅझ वाजवणाऱ्यासाठी आज हीच योग्य गिटार आहे. दुकानात जाताना आपली केबल आणि आपला पिक बरोबर न्या, एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला सांगा, आणि त्यांतली बिनॲम्पची सर्वांत चांगली वाजेल तीच घरी आणा.